त्रेसष्ट

फ्रिजवरच्या त्या कागदाला हात लावू नकोस, वैजनाथ.
तो पाइपिंगचा ड्रॉइंग नाही,
कुणाची वंशावळही नाही,
दिसते मात्र तशीच:
दोन्ही कडांना चौसष्ट नावं,
जोडीजोडीनं गळत गळत
मधल्या चौकटीत एकच.

अमेरिकेतली कॉलेजं आहेत ही.
पोरं बास्केटबॉल खेळतात,
आणि प्राध्यापकापासून न्हाव्यापर्यंत अख्खा देश
तीन आठवडे कामाचं सोंग करतो.
हरलं की घरी.
पुरवणी परीक्षा नाही, गुणपडताळणी नाही.

चौसष्टातून एक उरायला सामने किती?
इर्शाद म्हणाला, बत्तीस.
रात्रपाळीत कंप्रेसरशेजारी बसून मी मोजले.
दर सामन्याला एकानं जायचं,
म्हणजे त्रेसष्ट.
आपण छत्तीसचा आकडा म्हणतो ना,
पाठीला पाठ लावून रुसलेले तीन आणि सहा?
हा त्याचा उलटा. तोंडाला तोंड.

आता खरी गंमत.
पहिला चेंडू हवेत उडायच्या आत
सगळा कागद भरून टाकायचा.
शेवटच्या सामन्यात कोण असेल हेच ठाऊक नाही,
तरी तो कोण जिंकेल ते लिहायचं.
मुलाचं लग्न ठरलेलं नाही
आणि नातवाच्या मुंजीचा हॉल बुक.

पैसे? छे.
पैशाची पैज इर्शादच्या लेखी हराम,
कंपनीच्या लेखी परतीचं तिकीट.
आमची पैज भांड्यांची.
ज्याचे अंदाज जास्त खरे,
त्याला महिनाभर भांडी माफ.

मी नंबर बघून भरला. वरचा नंबर जिंकणार,
सरळ, तलाठ्यानं सातबारा भरावा तसा.
इर्शादनं भरला जनावरं बघून,
कारण प्रत्येक कॉलेजचं एक जनावर असतं:
अस्वल विरुद्ध बदक, अस्वल.
कोल्हा विरुद्ध मधमाशी,
इथे त्यानं अर्धा तास घेतला.

दुसऱ्याच दिवशी, तिकडे रात्रीचे नऊ,
इथे जुबैलमध्ये पहाटेचे चार,
सेहरीचा शेवटचा खजूर इर्शादच्या तोंडात,
आणि बाराव्या नंबरच्या कुठल्याशा डोंगरी कॉलेजनं
पाचव्या नंबरला लोळवलं.
माझा कागद तिथेच फाटला.
फाटला म्हणजे, तसाच चिकटलेला होता,
पण तू समजलास.
सगळ्यांचाच फाटतो. पूर्ण बरोबर भरलेला
अजून कुणी पाहिलेला नाही म्हणतात.

हे सगळं आम्हाला शिकवलं रोमेलनं.
इलोइलोचा, स्कॅफोल्डिंगवाला,
उंची पाच फूट दोन इंच,
आणि गावात म्हणे नारळाच्या बुंध्याला रिंग ठोकलेली.
बारावा पाचव्याला दरवर्षी कुठेतरी पाडतोच, तो सांगायचा.
कुठे, ते नाही सांगायचा.
पेन्सिलीनं न भरता पेननं भरायचा.

चार संघ उरले होते, त्यातला एक त्याचा,
तेव्हा गुरुवारी त्याचा फायनल एक्झिट आला.
नऊ वर्षं, तेवीस किलो.
हेल्मेट परत करताना सही घेतात, तुलाही कळेल.

फायनलला अजान होऊन गेली होती.
त्याचा संघ जिंकला, दोन पॉइंटांनी.
आम्ही ओरडलो, शेजारच्या खोलीतला पठाण
भिंतीवर चप्पल आपटत होता.
इलोइलोला फोन लावला. मुलीनं उचलला.
म्हणाली, बाबा छपरावर आहेत, पत्रे ठोकतायत.
स्कोअर सांग म्हटलं,
तिनं ओरडून सांगितला,
आणि वरून थोडा वेळ हातोड्याचा आवाज आला नाही.

आता मुद्द्याचं.
ही खाट त्याची होती.
सोम-मंगळ भांड्यांची पाळी त्याची, आता तुझी.
इर्शाद म्हणतो, माफी खाटेला लागू, म्हणजे महिनाभर तू सुटलास.
मी म्हणतो, माणसाला लागू,
आणि माणूस छपरावर आहे.
यावर आमची पैज लागली आहे, निकाल शुक्रवारी.
तोवर हा काथ्या घे.
तू घास, मी विसळतो.